सागराचे औषध, किरणांचा उपचार आणि श्रावकाचा प्रश्न

अंबरनाथमध्ये राहणारे आणि उल्हासनगरात कापडाचे दुकान चालवणारे एक गृहस्थ कल्पावेत. वय बासष्ट. घरात व्रतनियम कटाक्षाने पाळले जातात. परंतु तरुणपणी लागलेली सुपारीची सवय मात्र सुटली नाही. जिभेच्या कडेला झालेली जखम महिना उलटला तरी भरेना, तेव्हा तपासणी झाली आणि कर्करोगाचे निदान हाती आले. शस्त्रक्रिया पार पडली. त्यानंतर डॉक्टरांनी किरणोपचार सांगितला : आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे. रोज सकाळी पत्नीला सोबत घेऊन, दिव्यांग व कर्करुग्णांसाठी राखीव असलेल्या डब्यातून परळला जायचे, यंत्राखाली काही मिनिटे निश्चल पडून राहायचे आणि उन्हातून परत यायचे. जाऊन-येऊन सुमारे शंभर किलोमीटर. तीस दिवसांत तीन हजार. हे गृहस्थ काल्पनिक असले, तरी उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथून असा प्रवास करणारी कुटुंबे काल्पनिक नाहीत. हाती धरलेली फाईल आणि उकळलेल्या पाण्याची बाटली यांवरून ती डब्यात चटकन ओळखू येतात.

दुसऱ्या आठवड्यात बदलापूरचे मेहुणे भेटीला येतात. त्यांच्या हाती समुद्री शेवाळाच्या अर्काची एक डबी असते आणि मोबाईलवर एक संदेश असतो : समुद्रातील औषध किरणांसोबत घेतले की रोग दुप्पट वेगाने हटतो. मेहुण्यांच्या मनात प्रेमच असते. पण घरात तीन प्रश्न उभे राहतात. पत्नी विचारतात, ‘हे खरे आहे का?’ रुग्ण विचारतात, ‘यासाठी किती जीव गेले असतील?’ आणि धाकटा मुलगा, जो बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनतज्ज्ञ आहे, तो विचारतो, ‘बाबा, डॉक्टरांना विचारले का?’ या तीन प्रश्नांचा विचार वेगवेगळा करणे इष्ट ठरेल.

समुद्राने खरोखर काय दिले?

समुद्रातून कर्करोगाची औषधे मिळाली आहेत, हे निर्विवाद सत्य आहे. स्पंजासारखे जीव खडकाला चिकटून आयुष्य काढतात. त्यांना पळता येत नाही, नख्या नाहीत, कवच नाही. शत्रूपासून रक्षण व्हावे म्हणून ते, किंवा त्यांच्या शरीरात वस्ती करून राहिलेले सूक्ष्म जीव, तीव्र रसायने तयार करतात. त्यांतील काही रसायने वेगाने वाढणाऱ्या पेशींना रोखतात, असे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले.

१९५० च्या सुमारास वेर्नर बर्गमन या शास्त्रज्ञाला फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरील एका स्पंजात काही अपरिचित द्रव्ये आढळली. त्यांच्या रचनेवरून प्रेरणा घेऊन १९५९ मध्ये प्रयोगशाळेत सायटाराबीन हे द्रव्य तयार झाले आणि १९६९ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. जपानच्या किनाऱ्यावरील एका काळ्या स्पंजातून १९८६ मध्ये हॅलिकॉन्ड्रिन नावाचे द्रव्य वेगळे करण्यात आले. त्याच्याच रचनेवर आधारलेले एरिब्युलिन हे औषध २०१० पासून पसरलेल्या स्तनकर्करोगावर वापरले जाते. कॅरिबियन समुद्रात खारफुटीच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या, पिशवीसारख्या एका मऊ जीवातून ट्राबेक्टेडिन मिळाले. भारतातही १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोनापावला येथे आहे आणि किनाऱ्यावरील जीवांमधील गुणकारी द्रव्यांचा शोध तेथे दीर्घकाळ घेतला गेला आहे.

मात्र ही सर्व औषधे रुग्णालयात, बहुतेक शिरेवाटे, मोजून-मापून आणि रक्ताच्या तपासण्या करून दिली जातात. त्यांचा आणि टपालाने घरी येणाऱ्या डबीचा संबंध केवळ ‘समुद्र’ या शब्दापुरता असतो.

किरणांसोबतची जोडी

किरणोपचारात किरण पेशीच्या केंद्रातील डीएनए तोडतात. निरोगी पेशी ही मोडतोड बऱ्याच अंशी दुरुस्त करू शकते. कर्कपेशीला ते तितकेसे साधत नाही. ‘जोडीच्या’ औषधामागील कल्पना अशी की, ते कर्कपेशीला ही दुरुस्ती करू देणार नाही, किंवा पेशी किरणांना सर्वाधिक बळी पडते त्या विभाजनाच्या क्षणी तिला अडवून धरील. समुद्रातील काही द्रव्ये प्रयोगशाळेत हे काम करताना दिसली आहेत. परंतु काचेच्या बशीतील पेशी आणि लोकलने प्रवास करणारा माणूस यांत पुष्कळ अंतर आहे. ते अंतर केवळ रुग्णांवरील शिस्तबद्ध चाचण्यांनीच ओलांडता येते.

अशा तीन चाचण्यांची कथा बोधप्रद आहे. पहिली शार्कच्या कूर्चेची. शार्कला कर्करोग होत नाही, असा समज १९९० च्या दशकात जगभर पसरला आणि कूर्चेच्या कॅप्सूल धडाक्याने विकल्या जाऊ लागल्या. वास्तविक शार्कलाही कर्करोग होतो. पुढे अमेरिका व कॅनडात फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३७९ रुग्णांवर चाचणी झाली. सर्वांना किरणोपचार व रसायनोपचार देण्यात आला. त्यासोबत काहींना कूर्चेचा शुद्ध अर्क, तर काहींना औषध नसलेले तसेच दिसणारे द्रव. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अर्क घेणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १४.४ महिने, न घेणाऱ्यांचे १५.६ महिने; म्हणजे लाभ शून्य. त्या समजापायी किती शार्क मारले गेले, याचा हिशोब आता कोण मांडणार?

दुसरी कथा मॅरिझोमिबची. समुद्रतळाच्या गाळातील एका जिवाणूपासून मिळालेले हे द्रव्य मेंदूपर्यंत पोहोचू शकते, म्हणून मेंदूच्या अत्यंत कठीण कर्करोगात किरणोपचार व नेहमीच्या औषधासोबत ते देऊन पाहण्यात आले. ७४९ रुग्ण सहभागी झाले. आयुष्य वाढले नाही; दुष्परिणाम मात्र वाढले. तिसरी कथा अधिक आशादायक आहे. चरबीसदृश ऊतींतून उद्भवणाऱ्या एका दुर्मीळ कर्करोगात युरोपातील डॉक्टरांनी ट्राबेक्टेडिन आणि किरणोपचार एकत्र दिले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत काही रुग्णांच्या गाठी आक्रसल्याचे आढळले. तथापि रुग्णसंख्या थोडी होती आणि रोगही एकाच विशिष्ट प्रकारचा. हा आरंभ आहे. सर्वांसाठीचा उपचार नव्हे.

मग सिद्ध झालेली जोडी असते तरी कशी? त्याचे उदाहरण परळमध्येच सापडते. डोके व मानेच्या कर्करोगात किरणांसोबत सिस्प्लॅटिन देण्याची रीत आहे. परंतु मूत्रपिंड किंवा श्रवणशक्ती दुर्बल असलेल्या अनेकांना ते सोसत नाही. अशा ३५६ रुग्णांवर टाटा मेमोरियल रुग्णालयात चाचणी झाली. निम्म्या रुग्णांना केवळ किरणोपचार, उरलेल्यांना त्यासोबत दर आठवड्याला डोसेटॅक्सेलची अल्प मात्रा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांनंतर पहिल्या गटातील ४१.७ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातील ५०.८ टक्के. डोसेटॅक्सेल हे निसर्गातूनच आलेले औषध आहे. समुद्रातून नव्हे, तर यू नावाच्या सूचिपर्णी वृक्षाच्या पानांतून. उगम सागरात की वनात, हा मुद्दा येथे गौण आहे. कोणत्या रोगात, कोणत्या मात्रेत, किती रुग्णांवर पडताळले, हा मुद्दा मुख्य आहे.

म्हणून पत्नींच्या प्रश्नाचे उत्तर असे : समुद्रातून औषधे मिळाली, हे खरे, किरणांसोबत त्यांचा शोध चालू आहे, हेही खरे, पण त्या डबीवर केलेला दावा सिद्ध झालेला नाही.

लेश्यावृक्ष

आता रुग्णाचा प्रश्न. श्रावकाच्या मनात तो उमटणे स्वाभाविक आहे आणि कोणी त्याला हसून उडवून लावू नये. औषधासाठी जीव जात असेल, तर ते घ्यावे का?

आरंभीच्या संशोधनात जीव गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. हॅलिकॉन्ड्रिनचे अवघे १२.५ मिलिग्रॅम मिळवण्यासाठी ६०० किलो स्पंज लागला. ट्राबेक्टेडिनच्या एका ग्रॅमसाठी सुमारे एक टन जीव लागत. याच मार्गाने औषध बनवायचे ठरले असते, तर समुद्रतळ उजाड झाला असता आणि तरीही रुग्णांना औषध पुरले नसते.

मंदिराच्या भिंतीवर रंगवलेला षड्लेश्यांचा वृक्ष वाचकांना परिचित आहे. सहा भुकेले प्रवासी फळांनी लगडलेल्या झाडाजवळ येतात. पहिला झाड मुळापासून तोडू पाहतो, दुसरा मोठी फांदी, तिसरा डहाळी, चौथा घोस. पाचवा केवळ पिकलेली फळे तोडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेली फळे वेचतो. भूक सर्वांची सारखीच, भाव मात्र निराळे. औषधशास्त्राचा गेल्या सत्तर वर्षांचा प्रवास याच चित्रातून पुढे सरकलेला दिसतो. यू वृक्षापासून मिळालेल्या पहिल्या औषधासाठी त्याची साल सोलावी लागे आणि झाड मरून जाई. डोसेटॅक्सेलसाठी केवळ पाने पुरतात; ती पुन्हा फुटतात. हॅलिकॉन्ड्रिनचा संपूर्ण रेणू हार्वर्ड विद्यापीठात योशितो किशी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये कृत्रिमरीत्या घडवला. त्यातून पुढे आलेले एरिब्युलिन आज साठहून अधिक रासायनिक टप्प्यांनी कारखान्यात तयार होते. त्यासाठी स्पंज लागत नाही. सायटाराबीनही रासायनिक रीतीनेच बनते. ट्राबेक्टेडिनसाठी समुद्रातील जीव गोळा करावे लागत नाहीत. जिवाणूंच्या किण्वनातून मिळालेल्या द्रव्यावर पुढील प्रक्रिया केली जाते.

अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. रिअ‍ॅक्टरमध्ये एक टप्पा पूर्ण करायचा, मिळालेले द्रव्य शुद्ध करायचे, त्यावर पुढचा टप्पा रचायचा, हे त्याचे रोजचे काम असते. धाकटा मुलगा वडिलांना एवढेच सांगू शकेल : ‘बाबा, समुद्रातून आता फक्त नकाशा घेतात, घर इथे विटांनी बांधतात.’

तरीही हिंसेचा प्रश्न पूर्णपणे संपतो, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. किण्वनात सूक्ष्म जीव आहेतच. नवे औषध माणसाला देण्यापूर्वी बहुधा प्राण्यांवर तपासले जाते. हा शुक्ल लेश्येचा टप्पा नव्हे. पण मूळ तोडण्यापासून ते बरेच दूर आले आहे, आणि पुढची दिशाही तीच आहे. व्रत, वय आणि रोग यांचा एकत्रित विचार करून निर्णय घ्यायचा तो रुग्णाने, डॉक्टर आणि गुरू या दोघांशी मोकळेपणाने बोलून.

येथे एक विसंगती मात्र ध्यानी घ्यावी. ज्या औषधाबद्दल रुग्ण इतका विचार करतो, ते प्रयोगशाळेत घडलेले असू शकते. पण ‘नैसर्गिक’ म्हणून निःशंकपणे घेतलेल्या डबीत खराखुरा समुद्री जीव असू शकतो. सांधेदुखीसाठी शिंपल्यांच्या अर्काच्या कॅप्सूल विकल्या जातात. माशांच्या तेलाच्या तर सर्वत्र. अर्क शेवाळाचा असला, तरी शेवाळ अनंतकाय मानले जाते. शिवाय कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडां-कातड्यांपासून केलेले असते. खाद्यपूरकाच्या डबीवर हिरवी खूण आहे की नाही, हे पाहता येते. औषधांवर अशी खूण बंधनकारक नाही, तेथे औषधविक्रेत्याला किंवा डॉक्टरांना विचारावे लागते.

डबी उघडण्यापूर्वी

‘फायदा नसेल तर नसो, अपाय तर नाही ना?’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. किरणोपचार चालू असताना तो धोकादायक ठरतो. किरण आपले बरेचसे काम पेशीतील पाण्यापासून फ्री रॅडिकल निर्माण करून साधतात. अँटिऑक्सिडंट द्रव्ये नेमकी त्यांनाच शमवतात. डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांवर कॅनडात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ‘ई’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने किरणांचा त्रास कमी झाला. पण रोग त्याच जागी उलटण्याचे प्रमाण वाढण्याकडे कल दिसला. जे कवच निरोगी पेशीला मिळते, ते कर्कपेशीलाही मिळू शकते. ताटातील फळे-भाज्यांना ही भीती लागू नाही. ती आहे गोळ्या-कॅप्सूलमधील मोठ्या मात्रांना. तपकिरी शेवाळातील फ्युकॉइडन हे द्रव्य रक्त पातळ करण्याच्या गुणाचे असते. शस्त्रक्रिया झालेल्या किंवा रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या रुग्णाने तर ते विचारल्याविना घेऊच नये.

थायरॉइडच्या कर्करोगात हा विरोध अगदी उघड दिसतो. तेथे किरणोपचार बाहेरून नव्हे, तर किरणोत्सारी आयोडीन पोटात देऊन केला जातो. भाभा अणुसंशोधन केंद्राचे १९६३ मध्ये सुरू झालेले परळचे विकिरण औषध केंद्र या उपचारासाठी प्रसिद्ध आहे. आयोडीन हे मूलद्रव्य १८११ मध्ये बर्नार्ड कूर्त्वा यांना सापडले, तेही समुद्री शेवाळाच्या राखेतच. परंतु याच उपचारापूर्वी एक ते दोन आठवडे आहारातील आयोडीन कमी करावे लागते, म्हणजे भुकेल्या थायरॉइड पेशी औषधी आयोडीन शोषून घेतात. त्या दिवसांत शेवाळाची कॅप्सूल घेतली, तर पेशी आधीच तृप्त होतात आणि उपचार वाया जाऊ शकतो. आयोडीनयुक्त मीठच काय, शेवाळापासून होणारा चायना ग्रासही त्या काळात वर्ज्य सांगितला जातो.

याउलट निश्चित लाभाच्या गोष्टी साध्या आहेत. पहिली, किरणोपचारात खंड पडू न देणे. डोके व मानेच्या कर्करोगात उपचार एक दिवस लांबला, तर रोग आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते, असे अभ्यास सांगतात. लग्नकार्य, यात्रा, अगदी पर्युषण असले तरी दिवस चुकवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. दुसरी, वजन टिकवणे. तोंड सोलवटलेले असताना मुगाचे पातळ वरण, मऊ भात, ताक, दूध, तूप यांवर भर द्यावा. चौविहार असणाऱ्याने दिवसाच्या आहाराची आखणी आहारतज्ज्ञांकडून करून घ्यावी. गिळणे अशक्य झाले आणि नळीने अन्न देण्याची वेळ आली, तर तो व्रतभंग मानून कुढत बसू नये. पच्चक्खाणात आगार असतात, ते अशा प्रसंगांसाठीच. तिसरी, दातांची निगा, आणि तंबाखू-सुपारीचा कायमचा त्याग. चौथी, बाहेरगावच्या उपचारासाठी रेल्वे कर्करुग्णाला व सोबत्याला जी भाडेसवलत देते, तिचे प्रमाणपत्र रुग्णालयातून वेळेवर घेणे.

मुलाचा प्रश्न या सर्वांत छोटा आणि सर्वांत मोलाचा आहे. मेहुण्यांची डबी नाकारायची नाही. ती पिशवीत घालून दुसऱ्या दिवशी परळला न्यायची आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवायची. त्यात काय आहे, माझ्या रोगात ते किरणांसोबत पडताळले आहे का, माझ्या औषधांशी ते जमते का, असे तीनच प्रश्न विचारायचे. डॉक्टरांपासून डबी लपवण्यात नाते राखले जाते असे वाटते. प्रत्यक्षात रुग्ण एकटा पडतो.

परतीच्या प्रवासात मुंब्र्याच्या पुढे खिडकीतून खाडीचे पाणी दिसते. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते आणि उल्हासचे पाणी खाडीवाटे अरबी समुद्रात जाते. ज्या सागराकडून उद्याच्या औषधाचा नकाशा मिळायचा, त्याच्याकडे या तिन्ही शहरांचे सांडपाणीही रोज वाहत जाते. स्पंजासाठी हळहळणाऱ्या श्रावकाच्या घरातील कोणी कारखान्यात अधिकाराच्या जागी असेल, तर त्याने गाळलेल्या, शुद्ध केलेल्या पाण्याचा आग्रह धरणे ही त्याच करुणेची दुसरी बाजू होय. घरी पाणी गाळून पिण्याचा नियम आहेच. तो कारखान्याच्या नाल्यापर्यंत पोहोचला, तर त्याचे फळ मोठे.

गाडी अंबरनाथला थांबते. तिसांपैकी अकरावा दिवस संपलेला असतो. सूर्यास्ताला अजून अवकाश असतो. घरी मऊ खिचडी तयार असते. डबी पिशवीतच असते, न उघडलेली. उद्या तिच्याबद्दल विचारायचे ठरलेले असते.